आतल्या शिवणीचं माप

५ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत मुकादमानं फळ्यावर कागद चिकटवला आणि आपण निघून गेला. वाईट बातमी असली की तो असंच करतो, कागदाला पुढं करतो.

एक मार्चपासून कारखाना नव्या शेडमध्ये जाणार. शेड शहराबाहेर, मालधक्क्याच्याही पलीकडे. फाटक सातला बंद. उशीर झाला की नावापुढे फुली. एका महिन्यात तीन फुल्या झाल्या की कटिंगच्या टेबलावरून उचलून धागे कातरायला बसवणार.

धागे कातरण्यात कमीपणा नाही. मी चार वर्षं तेच केलं. पण त्यानंतर अकरा वर्षं मी टेबलाशी उभी आहे, एका वेळी साठ थर कापते, आणि मी कापलेली बाही दुसऱ्या बाहीशी जुळवून बघायची कुणाला गरज पडत नाही. माझ्याजवळ आता तेवढंच आहे. दुसरं होतं ते गेलं.

पहिली बस तिकडे सात वीसला पोचते. कंपनीच्या गाडीत अकरा जागा, त्या मशीनवाल्यांना. मुकादमाला गाठलं तर म्हणाला, "मावशी, तुमचं तुम्ही बघा ना काहीतरी. तुम्ही हुशार आहात." कुणी हुशार म्हटलं की समजावं, मदत मिळणार नाही.

काज-बटणाच्या मशीनवर माझी मैत्रीण बसते, सगळे तिला काजवालीच म्हणतात. ती म्हणाली, "जावयाला सांग की. स्कूटर देईल घेऊन."

"जावयाची स्कूटर घेतली की कुठं वळायचं तेही जावईच सांगतो."

"मग काय उडत जाणार?"

"सायकलनं."

ती इतकी हसली की डब्याचं झाकण खाली घरंगळलं. मी हसले नाही. मी ते बोलून गेले होते, आणि बोलल्यावर मलाच कळलं की दुसरा रस्ता नाही.

हे गेले त्याला परवा चौदा महिने होतील. लिहायचं नाही म्हणते, पण तारीख टाकली की हात आपला आपण मोजतो.


७ फेब्रुवारी

वाचनालयात गेले. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिकले ते या वाचनालयातल्या खिडकीशेजारच्या बाकावर. पुस्तकात लिहिलंय ते खरंच असतं असं नाही, पण पुस्तक आवाज चढवत नाही आणि तुम्ही परत विचारलं तर कंटाळत नाही.

ग्रंथपाल बाईंनी सायकलीवरचं एक पुस्तक काढून दिलं. आधी सायकल बघू नका, आधी आपली गरज लिहा, असं त्यात पहिल्याच पानावर आहे. हे मला पटलं. आमच्याकडेही गिऱ्हाइकाला आधी विचारतात, घालून काय करणार?

तर माझी गरज. रोज नऊ किलोमीटर जाणं, नऊ येणं, पाऊस असो ऊन असो. एका महिन्याच्या पगारात बसली पाहिजे, आणि बिघडली तर कोपऱ्यावरच्या माणसालाही दुरुस्त करता आली पाहिजे. आणि सुट्टीत तिच्यावरून लेकीच्या गावाला जाता आलं पाहिजे. साठ किलोमीटर, मध्ये एक मुक्काम.

हे शेवटचं लिहिताना थांबले. लेकीकडे सायकलनं जायचं हे ह्यांचं खूळ. वाटेत तळ्याशी धर्मशाळा आहे तिथं रात्री टेकायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या दारात जाऊन घंटी वाजवायची. सायकल त्यांची होती, माझी घ्यायची होती, राहिली. त्यांची जावयानं पहिल्याच महिन्यात कुणाला तरी देऊन टाकली. मी हो म्हटलं असणार. त्या महिन्यात मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

पुस्तक म्हणतं, बारीक टायर पळतं पण खड्ड्यात रडतं, फार जाड टायर अंगावर घेतं पण तुमचा घाम काढतं, तेव्हा मधलं घ्या. कॅरिअर आणि मडगार्ड बसवायला भोकं आहेत का बघा. गिअर मोजके असावेत. आणि सगळ्यांत आधी स्वतःचं माप, पायाची आतली लांबी. त्याची रीतही दिली आहे: भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एखादं पुस्तक दोन मांड्यांमध्ये वर दाबून धरायचं, त्याच्या कडेशी भिंतीवर खूण करायची. ज्यांना टेप धरता येत नाही त्यांच्यासाठी असावं. मी ते पान उलटलं.


११ फेब्रुवारी

मोठ्या काचेच्या दुकानात गेले. सायकली भिंतीवर टांगलेल्या, दागिन्यांसारख्या. अंगात घट्ट बनियन घातलेला विक्रेता आला.

"मॅडम, रोड, माउंटन की हायब्रीड?"

"कामावर जायची."

"म्हणजे फिटनेससाठी?"

"फाटकासाठी. सातला बंद होतं."

 त्यानं एक सायकल काढली, करंगळीवर उचलून दाखवली. मी म्हटलं, उचलायची नाही, चालवायची आहे, कॅरिअर कुठं लागतं हिला? म्हणाला, हिला कॅरिअर लावत नाहीत, लूक जातो. मडगार्डही वेगळं घ्यावं लागेल, स्टँडही. आमच्याकडे कुणी बाही, कॉलर आणि बटणं वेगळी विकली असती तर गिऱ्हाइकानं टेबल उलटं केलं असतं.

निघताना म्हणाला, "आईंसाठी तीन चाकीपण असते हं." दारात शिरताना मॅडम होते, बाहेर पडताना आई झाले.


१३ फेब्रुवारी

लेकीचा फोन. मी सायकलचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, सोड ना ते आता. इकडं ये. खोली रिकामीच आहे."

"रिकामी खोली असली म्हणून तीत आई ठेवायची का?"

"तसं नाही गं."

"मला माहीत आहे तसं नाही. पण मी तिथं येऊन दिवसभर काय करू? तुझ्या पडद्यांना टीप मारू?"

ती चिडली. "तू एकटी असतेस तिथं, मला झोप लागत नाही." मी म्हटलं, मला लागते. ते खोटं होतं. फोन ठेवल्यावर वाटलं, टेबल गेलं तर तिला नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण उरणार नाही. तिच्या घरी मी जाईन, पण पाहुणी म्हणून, सायकलवरून, परतीचा दिवस ठरवून.


१८ फेब्रुवारी

सायकल घेतली.

उड्डाणपुलाच्या अलीकडे टायरवाल्यांच्या रांगेत एक मिस्त्री आहे. जुन्या सायकली घेतो, उघडतो, धुतो, नवीन तारा-बेअरिंग घालून विकतो. दुकान म्हणजे एक खोली आणि बाहेर दोन हूक. माणूस साठीचा, बोलतो कमी.

"कुणाला हवी?"

"मला."

"आतली लांबी?"

"बत्तीस." विचारही करावा लागला नाही.

त्यानं मला डोक्यापासून चपलेपर्यंत बघितलं. "बत्तीस?"

"मिस्त्री, मी अकरा वर्षं कटिंग करते. मापाचं मला शिकवू नका, मी तुम्हाला पंक्चरचं शिकवत नाही."

"बरं." त्यानं दोन काढल्या. एक चंदेरी, बुटकी, मधला दांडा खाली उतरता, एका शिक्षिकेची होती म्हणे. दुसरी गडद निळी, उंच, सरळ दांड्याची. दोन्ही पोलादी, दोन्हींना आठ गिअर, मधले टायर, कॅरिअरला भोकं. मी पुस्तकातल्यासारखं एकेक बघत गेले, मिस्त्रीच्या भुवया वर गेल्या. पण खरं सांगायचं तर निळी बघितली आणि मी चंदेरीकडे परत पाहिलंच नाही. निळी घरातली वाटली.

"दोन्हींत माल तोच आहे," तो म्हणाला. "बत्तीसला निळी बसते. पण बत्तीस पाहिजे ना."

बसून बघितलं. अंगठे टेकत होते, तेही सायकल तिरकी केल्यावर. मी म्हटलं, लहानपणी बापाची सायकल दांड्याखालून पाय घालून अर्ध्या पायडलवर चालवलेली आहे, माझं अडत नाही.

"चालवायला कुणालाही कुठलीही चालते, बाई. थांबायला मापाची लागते."

मी पैसे दिले.


२१ फेब्रुवारी

कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या शिवल्या. विकत मिळतात, पण त्यांचं कापड बघितलं, दुसऱ्या पावसात गळेल. ह्यांची करडी पँट काढली. जाड विणीची, मीच शिवलेली. टेप घ्यायची गरज नव्हती. आतली शिवण बत्तीस, मधोमध दुमडली की सोळा. दोन पाय, दोन पिशव्या. मागचे खिसे तसेच ठेवले, पंक्चरचं सामान राहील.

कापताना रेघ सरळ गेली याचं मला बरं वाटलं. मग का कोण जाणे, चहा करायला गेले आणि दोन कप ठेवले.

लेकीला सायकलचा फोटो पाठवला. तिचं उत्तर तासाभरानं आलं. "बाबांना फार आवडली असती." मी लिहिलं, आवडू दे, चालवायची मला आहे.


२५ फेब्रुवारी

रविवार. रस्ता मोकळा असताना शेडपर्यंत जाऊन आले. जाताना बेचाळीस मिनिटं. वारा तोंडावर होता, पूल चढताना दुसऱ्या गिअरवर आले, तरी उतरले नाही. उतरणीवर मी मोठ्यानं काहीतरी ओरडले. काय ते आठवत नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदा अंग माझं वाटलं.

परतताना मात्र मनगटं आखडली. हँडल लांब पडतं. सवय होईल.


१ मार्च

नवी शेड. उजेड चांगला, टेबल लांब. सहा त्रेपन्नला पोचले. काजवाली गाडीतून उतरत होती. तिनं सायकलला प्रदक्षिणा घातली.

"सायकल घेतलीस की जिराफ?"

"जिराफ तर जिराफ. तुझ्या गाडीच्या आधी आला."

"चढतेस कशी गं? शिडी लावून?"

शिडी नाही, फुटपाथचा कट्टा लागतो. हे तिला सांगितलं नाही.


६ मार्च

पहिली फुली. सात वाजून चार मिनिटं.

लिहून ठेवते म्हणजे मला कळेल कुठं वेळ जातो. चालवण्यात जात नाही, थांबण्यात जातो. तीन सिग्नल आहेत आणि एक रेल्वेचं फाटक. थांबायचं म्हणजे मला सीटवरून उडी मारून खाली यावं लागतं, सायकल कडेला ओढावी लागते, आणि सुटलं की चढायला कट्टा शोधावा लागतो. तोवर सिग्नल परत लाल. मागचे हॉर्न मारतात. मालधक्क्याजवळ कट्टाच नाही, तिथं सरळ दीडशे पावलं हातात धरून नेली.

पुस्तकात असं काही नाही. मी चुकीचं वाचतेय का?


९ मार्च

दुसरा रस्ता काढला. जुन्या बाजाराकडून, दोन किलोमीटर जास्त, पण सिग्नल एकच. रेल्वेचं फाटक मात्र टळत नाही. पाच पंचावन्नला निघते. मांडीच्या आतल्या बाजूला कातडं सोललं आहे. रात्रभर हातांना मुंग्या येतात. टेबलावर खडूनं रेघ मारताना बोटं जड वाटतात.

मुकादम म्हणाला, "मावशी, दमलेल्या दिसता." मी म्हटलं, तुम्ही सहाच्या आधी उठून बघा. तो हसला, पण त्याचे डोळे माझ्या हातांवर होते.


१२ मार्च

आज सगळ्यांना नवे डगले आणि पँटी द्यायच्या म्हणून मापं घ्यायची होती. इतरांची मी घेतली. माझी कोण घेणार? काजवालीनं टेप ओढून घेतला. "उभी राहा सरळ. आयुष्यभर लोकांना उभं केलंस, आता कळेल." कंबर घेतली, बाही घेतली, खाली बसली.

"साडेसत्तावीस."

"परत घे."

"परत काय घे? शून्य वर धरलंय मी."

"बत्तीस आहे."

"बत्तीस? अगं, बत्तीसवर उभी राहिलीस तर तुला माझं डोकं वरून दिसेल. कुणाचं सांगतेस?"

आजूबाजूच्या हसल्या. मीही हसले. मग जाऊन नळावर तोंड धुतलं.

घरी येऊन पुस्तकातली रीत केली. भिंतीला टेकले, वाचनालयाचं पुस्तक मांड्यांमध्ये दाबून धरलं, पेन्सिलीनं खूण केली. ग्रंथपाल बाईंनी बघितलं असतं तर कार्ड रद्द केलं असतं. मोजलं. साडेसत्तावीस.

लोकांची मापं घेण्यात माझी इतकी वर्षं गेली, पण माझं मी कधी घेतलं नाही. माझे कपडे मी अंदाजानं कापते, जुन्यावर ठेवून. पाठ असलेलं माप एकच होतं. सव्वीस वर्षं त्या मापाच्या पँटी शिवल्या. मिस्त्रीनं विचारलं तेव्हा तोंडातून तेच आलं.

ह्यांच्या खिशातल्या पेनाशी माझं कपाळ यायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही.


१४ मार्च

जाड तळाचे बूट घेतले. एक इंच मिळाला. साडेतीन बाकी.

सीट पूर्ण खाली केली. आता गुडघे हनुवटीकडे येतात. पण दांडा काही खाली होत नाही. कापड असतं तर आतून दुमडून टाकलं असतं.

परत करायला हवी हे मला कळतं. उद्या जाईन.


१६ मार्च

गेले नाही. काल लवकर सुटी झाली होती, वेळही होता. मिस्त्रीच्या दुकानावरून तशीच पुढं आले. सायकल काय, सवयीचा प्रश्न आहे. माणूस कशालाही सरावतो.

दुसरी फुली. रेल्वेचं फाटक दोनदा पडलं. मुकादमानं बोलावलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "मावशी, अजून अर्धा महिना आहे. तिसरी पडली तर माझ्या हातात काही नाही. वरून विचारतात. धाग्यांना बसणारी एक जण कटिंग शिकतेय, मी तिला टेबलावर घेईन."

"कापते कशी?"

"शिकेल."

काजवालीनं सगळं ऐकलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाली, "तो जिराफ का सांभाळतेस? माप चुकलं, बदल. आपण रोज बदलतो."

मी म्हटलं, मिस्त्री बदलून देणार नाही.

"विचारलंस?"

मी चिडून म्हटलं, तुला काय करायचंय. तिनं डबा उचलला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. तिच्यावर चिडायचं कारण नव्हतं. का चिडले ते लिहायला बसले आहे आणि पेन पुढं जात नाही.


१९ मार्च

पडले.

रेल्वेचं फाटक खाली येताना दिसलं, ब्रेक दाबला, डावीकडे कलले. पाय खाली गेला तो जातच राहिला. जमीन लागली तेव्हा ती उजव्या मनगटाला लागली. मागच्या ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं, "आजी, ही सायकल नातवाची का?" मी म्हटलं, नवऱ्याची. बोलून गेले आणि तिथंच रस्त्यावर बसून राहिले. त्यानं उतरून सायकल उभी केली. सायकलला ओरखडाही नव्हता.

सहा अठ्ठावन्नला आत गेले. फुली नाही. पण मनगट दुप्पट झालेलं. काजवालीनं न बोलता कापडाची पट्टी घट्ट बांधली. दहा वाजता मी बाहीचे साठ थर लावले आणि कापायचं मशीन वळणावर आणलं तेव्हा मनगट वळलं नाही. पातं रेघ सोडून अर्धं बोट आत गेलं. साठच्या साठ बाह्या.

अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मी मशीन बंद केलं. काजवाली आली, वरचा थर उचलून बघितला. "कडेला शिवणीत जाईल," ती म्हणाली. "दीड सूत आत घ्यायला सांगते त्यांना." मी म्हटलं, जाणार नाही, तुलाही माहीत आहे. "लहान मापात जातील मग." ते मात्र खरं होतं. तिनं त्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी काढून लहान मापाची लावली. मी स्वतः जाऊन मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, "सांगितलंत म्हणून ठीक. हात बरा होऊ दे." माझ्याकडे न बघता म्हणाला.

मला टेबल गमावायचं नाही. फाटक नसतं, फुली नसती तर त्या निळ्यावरून मी पडतच राहिले असते. हे मला आज कळलं आणि त्याची भीती वाटली.


२० मार्च

कामावर बसनं गेले, सकाळची रजा टाकून. म्हणजे फुली नाही, अर्धा दिवस गेला. संध्याकाळी निळी हातात धरून मिस्त्रीकडे.

"माप सांगते. साडेसत्तावीस."

"बत्तीस होतं ना?"

"ते माझं नव्हतं."

कुणाचं ते त्यानं विचारलं नाही. आतून चंदेरी आणली. तिच्यावर गोणपाट टाकलेलं होतं, ते झटकलं.

"अजून आहे होय? कुणी घेतली नाही?"

"दोघांनी विचारली होती." एवढंच म्हणाला, आणि पाना शोधायला लागला.

मी म्हटलं, बदलीचे वर किती द्यायचे? म्हणाला, निळीला महिन्यात काही झालेलं नाही, तुम्हीच पडलात. सारखं-सारखं. मी पिशव्या उतरवल्या. गाठी घट्ट बसल्या होत्या, एका हातानं सुटेनात. त्यानं सोडवून दिल्या आणि चंदेरीवर बांधल्या. त्या तिच्यावर थोड्या मोठ्या दिसतात, पण चाकात जात नाहीत. सीट त्यानं तीनदा खाली-वर केली. तिसऱ्यांदा मी बसले, थांबले, आणि दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. मला उगाच रडू आलं. मिस्त्री टायरमधली हवा बघत बसला, तीत काही बघायचं नव्हतं.

निळी त्यानं बाहेरच्या हुकाला लावली.

माझ्यासमोर नको होतं लावायला. पण दुकान त्याचं आहे.


२५ मार्च

पाच दिवस, फुली नाही. जुन्याच रस्त्यानं जाते, तीन सिग्नल आणि फाटक. थांबते, पाय टेकते, हिरवा झाला की सगळ्यांबरोबर सुटते. मागून कुणी हॉर्न मारत नाही. चंदेरी दिसायला काही नाही, चालताना मडगार्ड थोडं वाजतं. पहिल्या दिवशी मला ती परक्याची वाटली. कुणाची तरी शिक्षिका. आता निदान शेजारीण वाटते.

दुकान वाटेत लागतं. रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास हुकावरची निळी दिसते. मी बघायचं नाही म्हणते.

काजवालीला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "जिराफ परत केलास, तुझं पाप फिटलं," आणि माझ्या डब्यातलं अर्धं खाल्लं.


१ एप्रिल

मार्च संपला. दोन फुल्या, तिसरी नाही. टेबल माझं. हात जवळपास बरा आहे, खडूची रेघ सरळ येते.

लेकीला फोन केला. सांगितलं, पुढच्या महिन्यात चार दिवस जोडून सुट्टी आहे, येते.

"बसनं ना?"

"सायकलनं. वाटेत एक रात्र राहीन."

"आई, एकटी?"

"हो, एकटीच." फोन ठेवला. साठ किलोमीटर म्हणजे काय ते मला अजून माहीत नाही. माहीत असेल असं आजवर समजत होते, कारण बोलताना आम्ही दोघं असायचो.


१० एप्रिल

आज हुकावर निळी नव्हती.

मिस्त्री दुकानापुढे पाणी शिंपडत होता. त्यानं हात वर केला, मीही केला. कुणी घेतली ते विचारावं असं वाटलं. उंच माणूस होता का, तेवढं तरी. वेग कमी केला, एक पाय टेकलाही. तो बादली ठेवून माझ्याकडे बघत होता, बहुतेक सांगायला तयार होता.

पुलावर वारा समोरून होता आणि सात वाजायला वीस मिनिटं राहिली होती. मी पाय उचलला.

सहा त्रेपन्नला फाटकातून आत गेले.